रस्त्याकडेचा रांजण

जिंतूरहून येलदरी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून बायनाबाईचं घर आहे. पूर्वी ऊसतोडीला जाताना वाटेत एका गावानं तिच्या टोळीला घोटभर पाणी दिलं नव्हतं. तेव्हापासून तिनं दारातल्या लिंबाखाली रांजण ठेवला आणि तो कधी रिकामा पडू दिला नाही.

आता शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या धरण बघायला येतात. परवा अशीच एक गाडी थांबली. दोन जोडपी उतरली, नुकत्याच भिजवलेल्या करडईच्या रानात शिरून फोटो काढून आली. काळ्या चिखलानं आणि शेणखतानं बूट माखले होते. त्यांच्यातल्या एकानं पायातला बूट काढला, रांजणावरचं झाकण सारलं आणि बूट थेट आत बुचकळला.

"काय करायलाव ओ? प्यायचं पाणी हाय ते!" बायनाबाई ओरडली.

"पाणीच आहे ना आजी, दुसरं भरा," म्हणत त्यानं दुसराही बूट बुडवला. बाकीचे हसले.

गाडी गेली. गढूळ पाण्यावर शेणाचे कण तरंगत होते. सून ज्ञानेश्वरीनं राखेनं रांजण घासून काढला आणि विचारलं, "आत्या, भरू का?"

"नको. शिसारी येती मला त्याची."

तिनं तो नेऊन उकिरड्यावर उपडा केला. नवा रांजण घरात ठेवला. आता वाटसरूला पाणी मागून प्यावं लागतं. गाडीवाल्यालाही ती तांब्या भरून देते, पण 'बसा' म्हणत नाही.