कवडूभाऊंचा बेल्ट

कवडूभाऊंना उंचीची भीती वाटत नव्हती, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटायची.

बोरगावच्या अलीकडे, हायवेला लागून आमचं गोदाम आहे. साबण, बिस्किटं, पंखे, मिक्सर, काय नाही तिथं! छताला भिडलेले लोखंडी रॅक, आणि दोन रॅकांमधल्या अरुंद गल्लीतून ऑर्डर पिकर चालतो. फोर्कलिफ्टमध्ये माल वर जातो आणि माणूस खाली बसून राहतो. पिकरमध्ये माणूसच वर जातो. चाकांवरची गाडी, तिला एक उंच खांब आणि त्या खांबावर वर-खाली सरकणारी, माणूस उभा राहील एवढी कठड्याची जागा. तिला आम्ही पाळणा म्हणतो. पाळण्यातून वर जायचं, रॅकमधली खोकी काढायची, खाली यायचं. माझं पॅकिंगचं टेबल गल्लीच्या तोंडाशी आहे, त्यामुळे मान वर केली की मला कवडूभाऊंचे बूट दिसायचे.

माणूस लोधीखेड्याकडचा. अंगानं काटकुळा, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट. अख्खं तरुणपण संत्र्याच्या बगीच्यांत गेलेलं. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत कुठेही तोड लागली की टोळीवाला आधी त्यांना बोलावणं धाडायचा. शिडी झाडाला टेकवायची, वर पोचलं की एक पाय फांदीवर टाकायचा, आणि मग शिडी असली काय नि नसली काय. तोडणाऱ्यांचा एकच कायदा होता, शिडीवर भरोसा ठेवायचा नाही, झाडावर ठेवायचा. शिडी भुसभुशीत मातीत कधीही सरकते. झाड कुठं जात नाही. बहार संपला की काम संपायचं, म्हणून बारमाही कामासाठी ते गोदामात आले. बगीचा मात्र त्यांच्या अंगातून गेला नाही. खोकंसुद्धा ते असं हलकं पिरगाळून काढायचे, जसं देठावरून फळ काढतात.

पिकर शिकवायला नागपूरहून एक साहेब आले होते. बेल्ट कमरेला बांधायचा, त्याचा पट्टा पाळण्यात डोक्यावर असलेल्या कडीला हुकानं अडकवायचा. पाळण्याबाहेर पाय टाकायचा नाही. वर माणूस असेल तर खाली गल्लीत कुणी शिरायचं नाही. गाडी कललीच तर उडी मारायची नाही, तिलाच घट्ट धरून राहायचं. या शेवटच्या वाक्यावर कवडूभाऊ खो-खो हसले.

"शिडी पडून राहिली अन् आपन तिलेच धरून बसाचं? हे कोन्या गावचं ग्यान आहे जी?"

आम्हीही हसलो. साहेबही हसले. आज ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

साहेब गेले आणि बेल्ट खुंटीवर गेला. बांधलेल्या माणसाला उडी मारता येत नाही, असं कवडूभाऊंचं म्हणणं. वर गेले की एक पाय पाळण्यात, एक पाय रॅकवर, आणि अर्धं अंग आत घालून पार मागचं खोकं काढायचे. मी खालून ओरडायची.

"कवडूभाऊ, पाय आत घ्या! तुमाले पाहून माह्या जिवाचं पानी होऊन राहिलं!"

"नलिनीबाई, तुमी खोक्याले टेप लावा. माह्या तोंडाले नका लावू."

आमचा सुपरवायझर भूपेंद्र भला पोरगा. त्यानं समजावलं, रागावला, कामावरून बसवून ठेवायची धमकी दिली. काही उपयोग झाला नाही. एका दुपारी रॅकवरचा तो पाय सटकला. कवडूभाऊ दोन्ही हातांनी कठड्याला लोंबकळले आणि एक मिक्सरचं खोकं खाली येऊन फुटलं. ते सावरले, वर चढले, आणि वरून म्हणाले, "काही नाही झालं, काही नाही झालं." त्या माणसाचा असा संताप आला मला की काय सांगू!

सौंसरच्या बाजारात त्यांची बायको कमल भेटली, तेव्हा मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. तिचा चेहराच उतरला. तिचे वडीलही संत्री तोडायचे. वावधानाच्या, सोसाट्याच्या वाऱ्याच्या दिवशी पडायला नको म्हणून त्यांनी स्वतःला दोरीनं शिडीशी बांधून घेतलं, शिडी सरकली आणि त्यांना घेऊनच खाली आली. पुढे ते उभे राहिले ते काठी धरूनच. कमल मला एवढंच म्हणाली, "ताई, मी पाहतो त्यायच्याकडं."

तिनं त्यांना जामसावळीला नेलं आणि मारुतीसमोर शपथ घ्यायला लावली. दुसऱ्याच दिवशी कवडूभाऊ बेल्ट बांधून आले. आम्ही टाळ्या वाजवल्या. ते नव्या नवरदेवासारखे लाजले आणि चिडलेसुद्धा.

त्यानंतर ते शपथेला जागले, हे मी कुणासमोरही सांगेन. पाळणा वर थांबला की आधी हुक अडकवायचे, मग खोक्याला हात लावायचे. काम झालं की हुक सोडवून पुढे. भूपेंद्र खालून विचारायचा, "कवडूभाऊ, बेल्ट लावला?" आणि वरून उत्तर यायचं, "लावला जी!" छताचे दिवे डोळ्यांवर येतात, पाळण्याचा तळ आड येतो, त्यामुळे वर काय कुठं अडकवलंय ते खालून दिसत नाही. दिसायचे ते बूट. दोन्ही बूट आता पाळण्यात असायचे, आणि माझा जीव भांड्यात पडला होता.

दिवाळीच्या तोंडावर माल धो-धो येत होता. गाड्यांना धड चार्जिंगला उभं राहायला उसंत नव्हती. त्या दिवशी कवडूभाऊ गल्लीच्या मध्यावर, सगळ्यात वरच्या खणाशी होते. पिकर घरघरला आणि बंद पडला. पाळणा वर जाईना, खाली येईना.

भूपेंद्रनं काहीच चुकीचं केलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण गावात लोक काहीबाही बोलतात. गाडी बंद पडली तर तिच्या बुडाशी एक झडप असते. ती उघडली की पाळणा आपल्या वजनानं हळूहळू खाली येतो. त्यानं आधी गल्ली रिकामी केली. मग वर मान करून ओरडला.

"भाऊ, तुमाले खाली घेऊन राहिलो! बेल्ट लावला काय?"

"लावला जी!"

"मंग सोडू नका! तसेच उभे राहा!"

"हाव!"

झडप उघडली. पाळणा खाली सरकायला लागला. आणि मला पट्टा दिसला. तो पाळण्यातल्या कडीकडे वर जातच नव्हता. आडवा रॅककडे गेला होता, वरच्या खणाच्या लोखंडी दांडीला. बघता बघता तो ताठ झाला.

"थांबव!" मी किंचाळले. भूपेंद्रनं झडप बंद केली, पण तोवर कवडूभाऊ कमरेतून मागं ओढले गेले होते. कठड्यावरून ते बाहेर आले आणि रॅकला लटकले. पाळणा त्यांच्या पायांखाली, त्यांना गाठता येणार नाही असा, रिकामा थांबला. मेलेली गाडी त्याला पुन्हा वर नेणार नव्हती. दुसरा पिकर होता, पण गल्ली एका गाडीपुरतीच, आणि तिच्यात ही गाडी अडकून पडलेली. पोरं ती ढकलत होती, शिव्या घालत होती, रडत होती. बेल्ट कमरेवरून छातीत रुतला होता. मी वर बघत होते. एक बूट रॅकवर आधार शोधत होता, जसा फांदी शोधतो. मग तो शोधायचा थांबला.

सौंसरला नेलं. दवाखान्यात काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

संध्याकाळी मी कमलजवळ बसले. रडून रडून तिचा आवाज बसला होता. ती माझ्याकडे वळली.

"ताई, बेल्ट लावला होता ना त्यायनं?"

"लावला होता."

"झाडाले ना? शिडीले तं नाही ना? माह्या बाबाचं पाह्यलं होतं म्या. म्हनून शपथ घेतानीच सांगतलं होतं, बांधाच लागते तं झाडाले बांधजा, शिडीले नोको."

चाकांवरची गाडी म्हणजे शिडी. जमिनीत बोल्टांनी रोवलेला रॅक म्हणजे झाड. मला तिथं बसल्या बसल्या सगळं उमगलं, आणि ते तिला कोणत्या तोंडानं सांगायचं ते मात्र कळेना.

"हाव," मी म्हटलं. "झाडालेच."

"मंग पडले कसे?"

मी तिचा हात हातात घेतला.

"पडले नाही वं कमल," मी म्हटलं. "ते पडलेच नाही."