स्प्रिंग काढलेला रोबोट

आधीच सांगते, भूतखेत, करणी, भानामती यातलं मी काहीही मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते, आजही नाही. वर्ध्यात आमचा विज्ञानप्रसाराचा एक गट आहे. त्याची पत्रकं मी लिहिते, सायक्लोस्टाईल करते आणि एस.टी. स्टँडवर उभी राहून वाटते. या सदरातल्या पांढऱ्या साड्या आणि मध्यरात्रीचे पैंजण वाचून माझं डोकं फिरतं... तरी त्याच सदरात लिहायला बसलेय. कारण आमच्या पत्रकांतून मीच लोकांना दटावत असते — पाहिलं तेवढंच सांगा, आणि पाहिलेलं सगळं सांगा. मग मला एकटीला सूट कशासाठी?

गाव सेलू तालुक्यातलं, हिंगणीहून बोर धरणाकडे जाताना लागणारं. नाव देत नाही. का, ते पुढे कळेल. माणसांची नावंही बदललीत. आपला माणूस अंतराळात जाऊन आला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट.

शोभाताई तिथे ब्लाऊज शिवतात. चाळिशीच्या, एकट्या. भाऊ मालवाहू जहाजावर आहे. तो सुट्टीला येताना परदेशी बंदरांतून बहिणीसाठी साड्या नाही, बाहुले आणतो — हात, पाय, मान वळणारे प्लास्टिकचे अंतराळवीर, मोठ्या डोक्याचे परग्रहावरचे प्राणी, चावीवर चालणारे पत्र्याचे रोबोट. उरलेले त्या स्वतः नागपूरच्या जुन्या बाजारातून शोधून आणतात. एक अख्खं कपाट भरलंय. आणि पारख अशी की बघत राहावं. बाहुला आधी कमरेला धरून हलवायचा. सांधे ढिले असले तर हात लोंबतात. मग उन्हानं पिवळा पडलाय का, हेल्मेट त्याचंच आहे की दुसऱ्याचं बसवलंय, पोरांनी बोटं चावलीत का... सगळं पाहून झाल्यावर निकाल. दोन मोडके रोबोट मिळाले तर त्यातून एक चांगला करायचा. कापडी पोशाख फाटला असेल तर नवा बेतून बाहुल्याच्या अंगावरच टाचण्या लावून बघायचा.

या टाचण्यांनीच घात केला.

वनमालाबाई म्हणजे गावात शब्दाला वजन असलेली बाई. नातीला घेऊन त्या माप द्यायला आल्या, तर मशीनवर हिरव्या तोंडाचा बाहुला आडवा पडलेला, छातीत टाचण्या. त्याच आठवड्यात नातीला ताप भरला आणि उतरेना. झालं! शोभाताई करणी करते. बायकांनी कापड देणं बंद केलं. घरमालक म्हणाला खोली सोडा. अमावास्येला बाहेरगावचा भगत येणार, कपाट चौकात जाळणार आणि बाईला गावाबाहेर काढणार, असं ठरलंसुद्धा. मुलीला टायफॉईड होता, वर्ध्याच्या दवाखान्यात ती बरीही होत होती. ताप उतरवला डॉक्टरांनी, पण तो चढवल्याचा आळ शिंपिणीच्या माथी तसाच! ही कुठली रीत?

हे कानावर आल्यावर आमच्या गटातले आम्ही सरपंचांना भेटलो आणि भर दुपारी शोभाताईंच्या ओसरीवर सगळ्यांना बोलावलं. त्यांचा कापड कापायचा मोठा टेबल मधोमध ओढला, त्यावर सगळे बाहुले मांडले. मी माझ्या नावाची चिठ्ठी हिरव्या बाहुल्याच्या छातीवर लावली आणि सगळ्यांसमोर त्याच्या गुडघ्यात टाचणी खुपसली.

"आता मॅडम लंगडत जातीन वर्ध्याले," मागून एक जण म्हणाला. लोक हसले. मी टेबलाभोवती उड्या मारून दाखवल्या. मग आणखी हसले, आणि मला कळलं, अर्धी लढाई जिंकली.

मग रोबोट. एक चांगला, चावी दिलेला, चालवून दाखवला. दुसरा त्याच्याच जातीचा, पण शोभाताईंनी आतली स्प्रिंग आणि चाकं काढून चांगल्यात बसवली होती. हा नुसता सांगाडा. तो मी उघडून दाखवला. पोटात काही नाही. सरपंचांनी आत बोट फिरवलं. कवच मीच परत लावलं.

चहा आला, मंडळी कडुनिंबाखाली सरकली. शोभाताई कपबश्यांत. टेबलाच्या टोकाशी फक्त वनमालाबाई बसलेल्या, हात पालथा टेबलावर. आल्यापासून त्यांनी एकाही बाहुल्याला शिवलं नव्हतं. मी जरा चढूनच बोलले. तो सांगाडा टेबलाच्या मधोमध उभा केला आणि म्हटलं, "रिकामा आहे. घ्या ना हातात. की नातीच्या तापाची भीती अजून गेली नाही?"

त्यांनी हात हलवला नाही.

आणि तो चालला.

पुन्हा लिहिते — चालला. घसरला नाही, कलंडला नाही. डावा पाय, उजवा पाय. चावीच्या खेळण्याला येते ती घरघर नव्हती, नुसतं टक्... टक्... पत्र्याचं लाकडावर. वनमालाबाईंच्या बोटांना पाय टेकला आणि थांबला. बाईंनी सावकाश दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला, जसा मुलाच्या ठेवतात. माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. आता ही बाई ओरडणार, आणि शोभाताई संपल्या...

सरपंचांनी तिकडून विचारलं, "झालं का समाधान, वनमालाबाई?"

"झालं," त्या म्हणाल्या. "रिकामा डबा हाये. म्या पाह्यलं."

भगत आला नाही. खोली राहिली. कापडं परत येऊ लागली.

मला मात्र झोप लागेना. पुढच्या रविवारी सायकल काढून परत गेले. टेबलावर गोटी ठेवली, हलली नाही. ओळंबा लावून पाहिला. धरणाकडे जाणारा भरलेला ट्रक जाईपर्यंत वाट पाहिली. कात्रीसुद्धा थरथरली नाही. सांगाडा ढकलून पाहिला तर दर वेळी तोंडावर पडला. शोभाताई गंमत बघत होत्या. त्यांनी तो उचलला, सवयीनं उलटा केला आणि त्यांचा चेहरा बदलला. चांगल्या रोबोटला लावायचा चंदेरी रंग त्यांनी आधी याच्या तळव्यांवर लावून पाहिला होता, कारण तो भाग दिसत नाही. आता दोन्ही तळव्यांच्या पुढच्या कडेचा रंग गेला होता.

"हे तं चालून घासलेलं हाये," त्या म्हणाल्या. "याले कोनं चालवलं? याच्यात तं काईच नाई."

मी तोंड उघडलं... काय सांगणार होते, मला आजही माहीत नाही.

"म्या चालवला," ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या वनमालाबाई मागून म्हणाल्या. "हातानं. सारे चहा पीत होते तवा. रंग गेला अशीन तं माफ कर वं बाई."

शोभाताई हसल्या. दुसरा हात देऊ म्हणाल्या, रंगाचा.

निघताना वनमालाबाई फाटकापर्यंत आल्या. मी विचारलं, तुम्ही त्या दिवशी का नाही बोललात?

"बोलली असती तं त्यायनं तिले जाळलं असतं," त्या म्हणाल्या. "कपाट नाई, तिले. आन् त्यानं माहं काय केलं? माह्या हातापाशी आला, थांबला." मग, पहिल्यांदाच मॅडम न म्हणता, "तुले लिवाचं अशीन तं लिवजो पोरी. गाव नको लिवू."

नाही लिहिलं.

घर्षण, उतार, कंपन, हवा, माझ्या डोळ्यांचा भ्रम — सगळं तपासलं. भ्रम असेल तर दोघींना एकदम कसा झाला, आणि रंग कुणाच्या भ्रमानं घासला? मला उत्तर मिळालेलं नाही. आणि कुणी हे वाचून "बघा, करणी असतेच" म्हणत शोभाताईंसारख्या बाईच्या दारात गेलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

सांगाडा शोभाताईंनी मला आठवण म्हणून दिला. पारख करून — "याले किंमत नाई, तू ने." तो माझ्या टेबलावर असतो, पत्रकांच्या गठ्ठ्याशेजारी. आडवा. गटातली पोरं येतात, त्याला उभा करतात, आणि ती गेली की मी परत आडवा ठेवते. का, असं परवा एकानं विचारलं. पत्रकात छापता येईल असं कारण माझ्याकडे नव्हतं.