भट्टी निवेपर्यंत

आयडाहोच्या त्या भागात बटाट्याच्या काढणीला शाळासुद्धा बंद ठेवतात. अशा दिवसांत लारे हॅन्सन शेत सोडून कामावर अडकून राहिली, ते तिच्या नवऱ्याला, वेंडेलला, झोंबायचं तसं झोंबलंच.

लारे वाळवंटातल्या संशोधन केंद्रात हायड्रोजनची भट्टी सांभाळायची. सिरॅमिकच्या, पापडासारख्या पातळ पाट्यांची चळत, आठशे अंशांवर तापलेली. आत वाफ सोडायची, वीज द्यायची, की वाफ फुटून हायड्रोजन वेगळा निघतो. तापलेली वाफ फोडायला वीज कमी लागते, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. पण नखरे फार. झटकन थंड केली तर पाट्या तडकणार. शिवाय हायड्रोजन बनवणाऱ्या या बयेला निवताना वरून हायड्रोजनच पाजत राहायचा, नाहीतर पाट्यांमधलं निकेल गंजून वाया जातं.

शुक्रवारी वाफेचा पंप बिघडला. भट्टी हळूहळू निववणं आलं. त्याच दुपारी वेंडेलचा फोन आला.

"उद्या रात्री माती गोठणार म्हणतायत, बटाटे आतच नासतील. ट्रक कोण चालवणार, तुझी भट्टी?"

"अरे, बटण दाबून बंद होत नाही ती. उद्या संध्याकाळ होईल. बाकीचे सगळे आपापल्या शेतात गेलेत."

"आणि आपलं शेत नाही वाटतं?"

लारेने फोन ठेवला आणि हायड्रोजनची धार बारीक चालू ठेवून ती तापमानाच्या काट्याकडे बघत बसली.

शनिवारी संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा शेत मोकळं झालं होतं. चर्चची माणसं आपले ट्रक घेऊन आली होती. वेंडेल बूट काढत होता.

"तू आजारी आहेस असं सांगितलंय सगळ्यांना," तो वर न बघता म्हणाला.

"का म्हणून?"

"लोकं स्वतःची कामं टाकून आली. घरची बाई आली नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

लारेला राग आला आणि लाजही वाटली. तेवढ्यात शेजारची व्हर्ला दारात उभी राहिली, हातात बटाटा-चीजचं वाफाळतं भांडं. आजाऱ्याच्या घरी ते पोचतंच.

"उतरला का गं ताप?"

वेंडेलने बायकोकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती तरी त्याची लाज राहिली असती.

"ताप नव्हता, व्हर्ला. मी कामावर होते."

व्हर्लाने क्षणभर दोघांना न्याहाळलं आणि भांडं वेंडेलच्या हातात दिलं.

"मग हे तूच खा बाबा. दुखणं तुझंच दिसतंय."

वेंडेल ते गरम भांडं धरून तसाच उभा राहिला.