आबांचा कूलर आणि ॲल्युमिनियमची टाकी

नरडाण्याच्या शेडमध्ये लोखंडाची वेल्डिंगची कामं मी डोळे मिटून करायचे, पण ॲल्युमिनियमने माझी पार जिरवली. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं तरी; हे मेलं काही न बोलता एकदम वितळून खाली पडतं. ते सांभाळलं, तर जोडात टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं. शेठनी स्पष्ट सांगितलं होतं, ॲल्युमिनियमच्या टाकीत हवा भरून तपासणार, गळली तर तू परत ग्राइंडरवर. टिग, म्हणजे हे गॅसच्या आडोशात करायचं नाजूक वेल्डिंग, शिकायला मिळावं म्हणून मी त्यांचं डोकं खाल्लं होतं. आणि आमच्या फोरमननी, ज्यांना सगळे आबा म्हणतात, माझ्यासाठी शब्द टाकला होता.

मे महिना, वर पत्रे, अंगात चामड्याचं जाकीट, तोंडावर हेल्मेट. माझे हाल बघून आबांनी स्वतःच्या टेबलाजवळचा कूलर ओढत आणला आणि माझ्याकडे तोंड करून लावला. "तुले जमी, माले माहीत शे," एवढंच म्हणाले. मी मनातल्या मनात त्यांना शंभर आशीर्वाद दिले.

भोकं मात्र थांबेनात. लोखंडावर वापरलेल्या ब्रशमुळे होत असेल म्हणून नवा ब्रश आणला. पत्रा, रॉड, सगळं पुसून घेतलं. वेल्डिंगच्या टॉर्चमधली टंगस्टनची काडी पुन्हा पुन्हा घासली. गॅस वाढवला, तर आणखीच बिघडलं. शेवटी स्वतःच्या हाताला शिव्या घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

मग शेजारच्या गावात आबांच्या भाचीचं लग्न निघालं. आमच्याकडे उन्हाळी लग्न म्हटलं की भावकीतले सगळे कूलर मांडवात जातात, तसा हाही गेला. मी घामाने निथळत जोड मारला आणि तो चांदीसारखा उतरला. मला वाटलं, बसला हात! मी शेडभर मिरवून घेतलं. लग्न उरकून कूलर परत आला, आणि भोकंही परत आली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टॉर्चमधून येणारा आर्गॉन गॅस वितळलेल्या धातूवर पांघरूण धरतो, आणि कूलरचा वारा तेच उडवून लावत होता. हे आबांना सांगायचं कसं? इतक्या मायेने आणलेली वस्तू. पण टाकी समोर होती, सांगितलं. आबा उठले, कूलर बंद केला आणि ओढत परत आपल्या टेबलाजवळ नेऊन ठेवला.

तपासणीच्या दिवशी शेठनी टाकीत हवा भरली, जोडावर साबणाचं पाणी फिरवलं आणि वाकून बघत राहिले. एकही बुडबुडा आला नाही. "उद्यापासून टाक्या हिच्याकडे," ते म्हणाले. मी धावत आबांकडे गेले. ते टेबलाशी घामाघूम बसले होते, सदरा पाठीला चिकटलेला, आणि कूलर शेजारी बंदच.

"आबा, तुमच्याकडे तोंड करून लावा की आता. माझ्यापर्यंत नाही येत वारा."

"तू तिथं भाजून निघणार, अन् मी इथं हवा खाऊ?" म्हणाले, आणि कामाला लागले.

तो सगळा उन्हाळा त्यांनी कूलर लावला नाही.