ओल्या पायाचा ठसा
ओल्या फरशीचा वास आला की मारेगावकडची ती शाळा आठवते. कापसाचे भाव पडलेली वर्षं होती. शाळेत पाणी भरणारी बाई सकाळी कापूस वेचून अनवाणीच यायची. माणूस दोन पायांवर चालू लागला तशी त्याच्या तळपायाच्या हाडांना कमान आली, असं मी शिकवत होतो. तेवढ्यात तिचा सपाट, ओला ठसा फरशीवर उमटला. मी त्यावर छडी ठेवली. "हा पाय अजून माकडाचाच आहे." वर्ग हसला. पहिल्या बाकावर तिची मुलगी होती. "वझं वाहू वाहू दबला असन, सर," बाई म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती आपला प्रत्येक ठसा पुसत जायची. मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. मीही तिला बोलवायला गेलो नाही. आजही न्हाणीतून निघताना मी माझा ठसा पाहतो. त्यात कमान आहे.