सार्जंट ग्रेमांची थट्टा

सार्जंट ग्रेमा थकले होते, पण हे आमच्या गावात कोणालाच पटत नव्हतं. फौजेतून लायबेरियात लढले, स्वतःच्या बोर्नो प्रांतात लढले, म्हणजे हा माणूस मरेपर्यंत लढणारच, अशी आमची सोयीची समजूत. ते मात्र कडुनिंबाखाली बसून टोप्यांवर भरतकाम करत आणि गुडघ्यांना शिव्या देत.

लग्नाहून परतणाऱ्या नऊ बायकांना टोळीने रानात पळवून नेलं, तेव्हा अख्खं गाव त्यांच्याच दारात उभं राहिलं. त्या नऊंत माझी बायको हन्सातू होती.

"बाबा, बंदूक देतो," गावप्रमुख म्हणाले.

"तुम्हीच धरा. बंदुकीने सोडवायला गेलो तेव्हा निम्मे लोक चादरीत गुंडाळून आणलेत मी. म्होरक्या कोण आहे?"

"जुल्दे. फुलानी आहे."

त्यांनी सुई टोपीत खोचली आणि माझ्याकडे वळले. "मास्तर, मोटरसायकल काढा."

सार्जंट कानुरी जमातीचे. कानुरी आणि फुलानी या दोन जमातींचं नातं पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं. दोघांनी एकमेकांना गुलाम म्हणायचं, हक्काने काहीही मागायचं, आणि समोरच्याने रागवायचं नाही. रागावला, त्याची इज्जत गेली. बाजारात हे रोज चालतं. पण बंदुकांपुढे?

भर दुपारी आम्ही टोळीच्या रानातल्या तळावर पोचलो. बंदुका आमच्यावर रोखलेल्या, आणि सार्जंट ओरडले, "अरे जुल्दे, मालक उन्हात उभा आहे, फुरा आण! गुलाम फार माजलाय!"

मग जुल्देच्या ओठांचा कोपरा हलला. "हा बोर्नोचा गुलाम अजून जिवंत आहे? मला वाटलं, तुला विकून खाल्लं!"

दुधात कालवलेला बाजरीचा फुरा आला. सार्जंटनी तो नाक मुरडत प्यायला. "दूध पातळ आहे. बरं, गुलामाचं ते सगळं मालकाचं. माझ्या नऊ बायका दे, घरी कामं खोळंबलीत."

जुल्दे खो खो हसला. मागचे बंदूकवाले मात्र कुरकुरू लागले. जुल्देने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा सार्जंटकडे. नाही म्हणावं तर इज्जत जाते, हो म्हणावं तर माणसं बिथरतात.

"ने," तो म्हणाला. "पण आता मागायची पाळी माझी. माझा गुलाम पळून गेला होता, तो आज सापडलाय. तो इथंच राहील."

बंदूकवाले हसले. सार्जंटही हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता. हळूच खाली बसले, गुडघे चोळले.

"बरंच झालं," मला म्हणाले. "परत तुमच्या त्या खडखडणाऱ्या मोटरसायकलवर बसायला नको. निघा."

मी हन्सातूचा हात धरला. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. नऊही जणींना पुढे घालून मी गाडी ढकलत चालत सुटलो.

रस्ता लागला तेव्हा हन्सातूने विचारलं, "बाबा मागून येतायत ना?"

महिना झाला, सार्जंट परतलेले नाहीत. गाव म्हणतं, थट्टेच्या नात्यातल्या माणसाला कोणी हात लावत नाही. मीही शाळेत पोरांना तेच सांगतो. पण त्या दुपारी मी जुल्देला एकदाही म्हटलं नाही, की ते म्हातारे आहेत, त्यांना सोड, हवं तर मला ठेव.