आमच्या साडूंचं अरॅक्ने घराणं

जगातली प्रत्येक गोष्ट कोळ्यापासून निघते आणि फिरून कोळ्यापाशीच येते, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. ते फैजपूरला प्राणिशास्त्र शिकवायचे. कोळ्याला ग्रीक भाषेत ‘अरॅक्ने’ म्हणतात हे त्यांना कधीतरी कळलं आणि तेव्हापासून त्यांची जीभ त्या शब्दात जी अडकली ती अडकलीच. विंचू, गोचीड आणि कोळी हे तिघेही अरॅक्निडा वर्गातले, म्हणून साडू त्यांच्याविषयी भाऊबंदांसारखे बोलत. कुणी विंचवाची तक्रार केली, की घराण्यात एखादा तिखट निघायचाच, असं म्हणून त्याची बाजू सावरत. आमचे सासरे लुनावरून पडून जळगावला दवाखान्यात होते तेव्हा हे भेटायला गेले, आणि मेंदूला तीन आवरणं असतात, त्यातलं मधलं कोळ्याच्या जाळ्यासारखं, म्हणून त्याचं नाव अरॅक्नॉइड, असं त्यांना समजावून आले. डोक्यात जाळं आहे म्हटल्यावर म्हाताऱ्यानं घरी सोडेपर्यंत मान हलवली नाही.

अशा माणसाच्या पदरात माझी मोठी मेहुणी, म्हणजे अक्का, पडली होती. तिला कोळी डोळ्यासमोर नको. श्रावणात घरी कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, बसायची, म्हणजे त्याआधी घर झाडून, चुना देऊन लख्ख व्हायला हवं. झाडायच्या दिवशी अक्का लांब बांबूला केरसुणी बांधून निघे, आणि तिच्या पुढे स्टूल सरकवत त्यांची मुलगी शालू, हातात पेढ्यांचा रिकामा डबा घेऊन. शालूची बोटं बापासारखी लांबसडक. त्याचा पाय न दुखावता ती कोळी उचलायची, डब्यात ठेवायची आणि मागच्या दारच्या केळीत सोडून यायची. “कानबाई येऊन राह्यली का कोळ्यायची वरात?” असं अक्का दरवर्षी विचारी. साडू मात्र लेकीकडे असे पाहत, जणू ती विद्यापीठात पहिली आली आहे.

त्याच शालूला पाहायला भडगावचे लोक आले. मुलगा ओव्हरसियर, स्वभावानं गरीब. एका लग्नात दोघांनी एकमेकांना पाहिलेलं होतं आणि शालूला तो आवडला होता, हे घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. म्हणूनच अक्कानं सकाळीच नवऱ्याला बजावलं होतं, की आज तोंडातून ग्रीक निघालं तर याद राखा. साडूंनी पोह्यांपर्यंत कसाबसा धीर धरला. मग मुलाच्या आईनं शालूचा हात हातात घेतला, बोटं किती छान आहेत म्हणाली, आणि बापाचा ऊर भरून आला.

“अरॅक्नोडॅक्टिली,” ते अभिमानानं म्हणाले.

मुलाच्या मामांनी बशी खाली ठेवली. “हाई काय दुखनं शे भाऊ?”

इथे गप्प बसले असते तर ते आमचे साडू कसले? त्यांनी खुलासा केला. कोळ्याच्या पायांसारखी लांब बोटं, एवढाच अर्थ. बहुतेकांना त्यानं काहीही होत नाही. पण अर्धवट माहिती देणं त्यांच्या रक्तात नव्हतं, म्हणून पुढे हेही सांगितलं, की क्वचित एखाद्याच्या बाबतीत डॉक्टर हृदयही तपासून पाहतात. मामांनी टोपी चाचपली. जळगावच्या मोठ्या डॉक्टरला दाखवून मग कळवतो, असं ते म्हणाले. असं म्हणून गेलेले लोक परत येत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. शालूनं मान खाली घातली. मला त्या क्षणी साडूंचा मनस्वी राग आला.

पाहुण्यांना द्यायला केळीचा घड पलंगाखाली ठेवलेला होता. पाहुणे उठणार तोच त्यातून तळहाताएवढा एक कोळी निघाला आणि सरळ मुलाच्या पायाकडे चालू लागला. मुलगा बशीसकट पलंगावर उभा. शालू उठली, पदर खोचला, त्या लांब बोटांनी कोळी अलगद उचलला आणि मागच्या केळीत सोडून आली. साडूंचे ओठ हलले. ‘अरॅक्नोफोबिया’, म्हणजे कोळ्याची भीती, हा शब्द त्यांच्या घशाशी आलेला मला स्पष्ट दिसला. अक्कानंही पाहिला असावा, कारण तिनं त्यांच्यापुढे पोह्यांची दुसरी बशी आदळली.

मुलाची आई पदर तोंडाला लावून हसत होती. “आमना पोऱ्या ल्हानपणपासून कोळीले घाबरस,” ती म्हणाली. “घरमा अशी एक पाह्यजेच. आते बठ्ठं बराबर शे.”

बहिणीनंच सगळं बरोबर म्हटल्यावर मामांनी बशी पुन्हा उचलली. उन्हाळ्यात लग्न झालं. शालू सासरी निघाली तेव्हा साडूंनी लेकीचा हात बराच वेळ सोडला नाही, आणि एकही शब्द बोलले नाहीत, ग्रीक नाही की मराठी नाही.

त्या श्रावणात कानबाईच्या आधी मी फैजपूरला गेलो होतो. अक्कानं बांबूला केरसुणी बांधली होती, साडू ओसरीवर पेपर तोंडापुढे धरून बसले होते. बराच वेळ आतून झाडल्याचा आवाज येईना, म्हणून मी डोकावलो. केरसुणी भिंतीला टेकवलेली. अक्का स्टुलावर चढलेली, डोळे घट्ट मिटलेले, हातात पेढ्यांचा डबा, आणि आपल्या आखूड बोटांनी ती एक कोळी त्यात ढकलत होती.

मला पाहून ती ओशाळली. “शालू नाही ना आता,” म्हणाली, “मग कोण नेईन यायले?”